तुलनात्मक गटातली सासू

नम्रता भेरेला संशोधनाचा विषय मिळाला. मिळाला म्हणजे तिने तो निवडला, असा अर्थ कुणी काढू नये. शहापूरपासून थोडं पुढे, महामार्गाला लागून असलेल्या तिच्या नर्सिंग कॉलेजात चौथ्या वर्षाच्या मुलींना विषय हजेरीच्या क्रमाने वाटले जात, रेशनवर तांदूळ वाटतात तसे. तिच्या आधीच्या मुलीला ‘किशोरवयीन मुलींतील रक्तक्षय’ आला, नंतरच्या मुलीला ‘हात धुणे’. मधल्या नम्रताच्या वाट्याला आलं ते हे: ‘शहापूर व मुरबाड तालुक्यांतील निवडक खेड्यांत, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना दिलेल्या नियोजनबद्ध शिकवणीचा, शय्याव्रण टाळण्यासंबंधीच्या त्यांच्या ज्ञानावर व आचरणावर होणाऱ्या परिणामाचा तुलनात्मक अभ्यास.’

शय्याव्रण म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने माणसाच्या पाठीला, माकडहाडाला, टाचेला होणारी जखम. ती होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. शीर्षकाची लांबी पाहता त्याचीही अधूनमधून कूस बदलायला हवी होती, पण शीर्षक विद्यापीठाने मंजूर केलेलं होतं आणि मंजूर गोष्ट हलवता येत नसते.

तिच्या मार्गदर्शक होत्या माधुरी मॅडम. मॅडमनी शेवटचा रुग्ण बारा वर्षांपूर्वी पाहिला होता. रुग्णांवरचे प्रबंध मात्र सत्तर तपासले होते. त्यांनी टेबलावर जिल्ह्याचा नकाशा पसरला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“दोन गट हवेत. गट-अला शिकवायचं, गट-बला शिकवायचं नाही. दीड महिन्याने दोघांत काय फरक पडला ते मोजायचं. गट-ब म्हणजे तुलनात्मक गट. त्याच्यापर्यंत आपल्या ज्ञानाचा एक थेंबही पोहोचता कामा नये.”

त्यांचं बोट वेहळखांड आणि करवंदवाडी या दोन गावांवर थांबलं. वेहळखांड शहापूर तालुक्यात, करवंदवाडी मुरबाड तालुक्यात.

“मॅडम, या दोन गावांच्या मधे नुसता ओढा आहे,” नम्रता म्हणाली. ती मूळची कसाऱ्याची असली तरी तिची मावशी वेहळखांडला दिलेली होती, त्यामुळे ओढा तिला पायाखालचा होता. “उन्हाळ्यात चप्पलसुद्धा भिजत नाही.”

“तो ओढा नाही, तालुक्याची हद्द आहे,” मॅडम म्हणाल्या. “या हद्दीवरून आजवर एक फाइल वेळेत पलीकडे गेलेली नाही. ज्ञान काय जाणार?”

कुठल्या गावाला शिकवायचं ते ठरवायला मॅडमनी पर्समधून नाणं काढून उडवलं. याला शास्त्रात यादृच्छिक निवड म्हणतात. गल्लीत टॉस म्हणतात. छाप पडली. मुरबाडकडची करवंदवाडी ज्ञानी होणार आणि शहापूरकडचं वेहळखांड अज्ञानात राहणार, असा निकाल पंख्याखाली लागला.

प्रत्येक गटात बारा रुग्ण हवे होते. वेहळखांडात पाडे धरूनही अकराच भरले. बाराव्या जागी भिमा नावाच्या म्हाताऱ्याला घेण्यात आलं. तो अंथरुणाला खिळलेला नव्हता, पण उठायचा कंटाळा करत असे, आणि आकडा पूर्ण होण्याची निकड पाहता तेवढं पुरेसं धरलं गेलं. भेटीच्या दिवशी त्याने पडून राहावं एवढीच त्याला विनंती होती. ती त्याने मनापासून मान्य केली.

अकरांतली एक होती हिराबाई, नम्रताच्या बाईजामावशीची सासू. गेल्या भाद्रपदात तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, निम्मं बोलणं गेलं. उरलेलं निम्मं शिव्यांचं होतं. बाईजाचा नवरा धाऊ भातसानगरला धरणावर कामाला, सकाळी जाई तो दिवेलागणीला येई. म्हातारीचं सगळं बाईजा एकटी करी. भरवणं, पुसणं, हागमूत काढणं, आणि शिव्या खाणं. वर दोन म्हशी आणि भाताची शेती होतीच.

पहिल्या भेटीत नम्रता प्रश्नावली घेऊन उंबऱ्यावर बसली. मावशीने चहा पुढे ठेवला. तो घ्यावा की नाही याबद्दल नियमावलीत काही नव्हतं, म्हणून तिने घेतला.

“प्रश्न सातवा. रुग्णाची कूस किती वेळाने बदलावी? दोन तासांनी, दिवसातून एकदा, रुग्ण सांगेल तेव्हा, की माहीत नाही?”

“नाय माहीत,” बाईजा म्हणाली. “किती वेळानं गो?”

“ते मला सांगता येत नाही.”

“म्हंजे तुला पन माहीत नाय?”

“माहीत आहे मावशी. पण तू तुलनात्मक गटात आहेस.”

“मी बचत गटात हाय,” बाईजा म्हणाली. “ह्या गटात मला कोनी घातलं? सही नाय, काय नाय.”

“सही आत्ता घ्यायची आहे,” नम्रता म्हणाली आणि संमतीपत्र पुढे केलं. त्यात लिहिलं होतं की मला काहीही सांगितलं जाणार नाही हे मला नीट समजावून सांगण्यात आलं आहे. बाईजाने सही केली. भाचीचं शिक्षण अडायला नको.

मग नियमाप्रमाणे म्हातारीची पाठ तपासायची होती. दोघींनी मिळून तिला कुशीवर केलं. हिराबाईने नम्रताच्या आईपासून सुरुवात करून सगळ्या माहेराचा उद्धार केला. नम्रताला तो ऐकू आला नाही, कारण म्हातारीच्या माकडहाडावर तिला रुपयाएवढा लाल डाग दिसला होता. तिने बोट दाबून उचललं. डाग फिका पडला नाही, तसाच लाल राहिला. जखमेची ती पहिली पायरी. आज काही केलं तर आठवड्यात जाईल. नाही केलं तर महिन्याभरात तिथे खड्डा पडेल आणि हाड दिसेल.

“काय हाय गो? असं का बगतेस?” बाईजाने विचारलं.

नम्रताने तक्त्यात ‘श्रेणी एक’ लिहिलं. “काही नाही,” ती म्हणाली, आणि हे दोन शब्द म्हणायला तिला जेवढा त्रास झाला तेवढा अख्ख्या चार वर्षांत सुई टोचताना झाला नव्हता.

ओढा ओलांडायच्या आतच तिने मॅडमना फोन लावला.

“मॅडम, गट-ब मधल्या एका आजीला लाल डाग आहे.”

“वा!” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे आपलं साधन बरोबर मोजतंय.”

“मी त्यांना कूस बदलायला सांगू का?”

“सांगितलंस तर ते संशोधन राहणार नाही, मदत होईल. मदतच करायची होती तर नर्सिंगच्या चौथ्या वर्षापर्यंत कशाला आलीस?”

नम्रताने नीतिमत्ता समितीकडे अर्ज केला. ही समिती संशोधनात कुणाला इजा होऊ नये म्हणून नेमलेली असते आणि तीन महिन्यांतून एकदा भरते. पण अर्ज तातडीचा असल्याने उत्तर दहाच दिवसांत आलं. ‘सदर गटावर कोणतीही कृती केली जात नसल्याने कृतीमुळे इजा होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अभ्यास पूर्ण झाल्यावर गट-बला माहितीपत्रक देण्याची तरतूद आहे. तोपर्यंत हयात असलेल्यांना ते द्यावे.’

ते पत्र वाचल्यावर नम्रताचं जेवणावरचं लक्ष उडालं. वर्गात तिला फळ्यावरच्या प्रत्येक लाल खुणेत म्हातारीची पाठ दिसे. शेवटी मैत्रिणीने तिला ओढत साईनाथ सरांकडे नेलं. साईनाथ सर कॉलेजचे समुपदेशक होते आणि योगायोगाने त्यांचंही संशोधन चालू होतं. विषय: विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य.

नम्रता खुर्चीवर बसली आणि तिने तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी हात वर केला.

“हजेरी क्रमांक?”

“एकोणीस.”

सरांनी यादीवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते मनाने वाईट नव्हते. “एकोणीस गट-ब मध्ये आहे गं. तुला तीस तारखेपर्यंत धीर देता येणार नाही.”

“सर, मला नुसतं बोलायचं आहे.”

“बोल ना. फक्त मी ऐकल्यासारखं करू शकत नाही. मान हलवली तरी तो उपचार धरतात.”

नम्रता बोलली आणि बोलता बोलता रडली. सर खिडकीबाहेर महामार्गावरचे ट्रक बघत राहिले. मधेच त्यांनी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं, ‘रडणे: सात मिनिटे.’ त्यांचा स्वतःचा डोळा पाणावला होता, पण तो तक्त्यात नव्हता.

शेजारच्या खोलीत पत्र्याच्या भिंतीपलीकडे गट-अचं स्वास्थ्य चाललं होतं. “श्वास आत घ्या… धरा… सोडा,” असा आवाज येत होता. रडण्याने धाप लागलेल्या नम्रताने नकळत श्वास आत घेतला, धरला, सोडला. तिला बरं वाटलं. तिने पुन्हा घेतला. सर ताडकन उठले आणि त्यांनी मधली झडप लावून घेतली.

“असं चोरून बरं वाटून घ्यायचं नाही,” ते कळवळून म्हणाले. “माझा डेटा बिघडतो.”

नम्रता बाहेर आली. तिने डोळे पुसले. जे आपल्याला द्यायचं नाही म्हणून ठरलं होतं, ते भिंतीपलीकडून ऐकताना किती गोड लागलं, याचं तिला नवल वाटत होतं. जिना उतरता उतरता ती मधल्या पायरीवर थांबली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी करवंदवाडीच्या अंगणवाडीत गट-अची शिकवणी होती. बारा घरांतल्या बारा बायका जमल्या. बाळी नावाच्या धट्ट्याकट्ट्या बाईला सतरंजीवर आजारी म्हणून झोपवलं आणि नम्रताने सगळं करून दाखवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. ओढायचं नाही, उचलून वळवायचं. दोन गुडघ्यांच्या मधे उशी, टाचा अधांतरी. चादरीला सुरकुती नको. अंग कोरडं ठेवायचं. पाठ रोज बघायची, आणि लाल दिसलं तर चोळायचं नाही, त्या अंगावर झोपवायचं नाही. बायका ऐकत होत्या. दोघीतिघी जांभया देत होत्या. सरकारी शिकवणीला जेवढं लक्ष द्यायची पद्धत आहे तेवढं त्या देत होत्या.

मग नम्रताने उठून अंगणवाडीचं दार लावलं. खिडकी लोटली. आवाज खाली आणला.

“आता महत्त्वाचं. नियम चौदा. आज जे कळलं त्यातलं एक अक्षरही ओढ्यापलीकडे जाता कामा नये. वेहळखांडच्या बायकांना तर मुळीच कळता कामा नये.”

जांभया मिटल्या. बारा बायका गुडघ्यांवर पुढे सरकल्या.

“आं? का गो?” बारकी म्हणाली. बारकीचं सासर करवंदवाडी, माहेर वेहळखांड. तोंड दोन्हीकडचं.

“ते सांगता येत नाही. वरून आदेश आहे.”

“नेमकं कोना कोनाला सांगायचं नाय?”

“चूक व्हायला नको म्हणून नावं वाचूनच दाखवते,” नम्रता म्हणाली आणि तिने वेहळखांडच्या बारा घरांची यादी सावकाश, एकेक नाव दोनदा, वाचून दाखवली. बारकी बोटांची पेरं मोजत पाठ करत होती. “आणि बाईजाला सगळ्यात आधी… म्हणजे तिला तर अजिबातच सांगायचं नाही. तिच्या सासूच्या माकडहाडावर लाल डाग आहे, त्यामुळे ही माहिती तिच्या फार उपयोगाची आहे.”

शेवटी वही फिरली. ‘मी ही माहिती गुप्त ठेवीन’ याखाली आठ सह्या आणि चार अंगठे पडले. नियमाचं इतकं कडक पालन त्या कॉलेजच्या इतिहासात कुणी केलं नव्हतं.

दोन्ही गावांना मिळून पिठाची गिरणी एकच, आणि ती वेहळखांडात. आदल्या दिवशी दळण आणलेल्या करवंदवाडीच्या सात बायकांना त्या दुपारी आठवलं की घरात पीठ नाही. बारकी तर अर्धा शेर नाचणी घेऊन निघाली. गिरणीचा पट्टा फडफडत होता, तरी तिने बाईजाच्या कानाला तोंड लावलं.

“कोनाला बोलू नको हां. अंगठा दिलाय मी.”

“नाय बोलत. काय ते सांग.”

दिवेलागणीच्या आत ती गोष्ट बाराही घरांत पोहोचली, आणि ज्यांच्या घरी कुणी आजारी नव्हतं अशा नऊ घरांतही. जाताना ती थोडी वाढली होती. एका घरी तिच्यात हळद आली होती, एका घरी मंगळवारचा उपास आला होता. पण दोन तास, उशी आणि कोरडी चादर मात्र जशीच्या तशी गेली, कारण अंगठा दिलेल्या गोष्टीत फेरफार करायला बायका कचरत होत्या.

आणि मग वेहळखांडात जे सुरू झालं ते कुठल्याही शिकवणीने झालं नसतं. मुरबाडवाल्यांनी आपल्यापासून काहीतरी लपवलंय म्हटल्यावर ते करून बघितल्याशिवाय कुणाला चैन पडेना. बाईजाने मोबाइलवर दोन दोन तासांचा गजर लावला. शेतावर असली तर बांधावरून पळत येई. धाऊने भातसानगरच्या वसाहतीतून जुन्या सतरंज्या आणून त्यांच्या उशा शिवून घेतल्या. हिराबाईला पहिले दोन दिवस हा छळ वाटला. मग तिच्या ध्यानात आलं की एका कुशीवर मुरबाडकडचं दार दिसतं आणि दुसऱ्या कुशीवर शहापूरकडची खिडकी. दारातून येणारेजाणारे कळतात, खिडकीतून शेजारणीची भांडणं. सून वेळ चुकली तरी ती चुकेना.

“ए बाईजे! किती वेळ शहापूरला ठेवतेस? मुरबाडला कर मला!”

भिमा म्हाताऱ्यालाही त्याच्या सुनेने दर दोन तासांनी वळवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तो वैतागून उठला आणि शेतावर जाऊ लागला.

पलीकडे करवंदवाडीत मात्र उलट झालं. तिथे बाराही बायकांना कॉलेजचं प्रमाणपत्र मिळालं होतं. ते त्यांनी देवाशेजारी टांगलं. शिकलो म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती; त्यांच्याहून कितीतरी जास्त शिकलेल्यांनाही तसंच वाटतं. बारकीच्या सासऱ्याला टाचेवर जखम झाली, कारण बारकीचा सगळा वेळ ओढ्यापलीकडे जात होता. नम्रताने ती पाहिली तेव्हा नियम बाजूला ठेवून तिला चांगलं फैलावर घेतलं आणि जखम भरेपर्यंत एक दिवसाआड पट्टी करून दिली.

दीड महिन्याने माधुरी मॅडम स्वतः गाडी करून अंतिम तपासणीला आल्या. करवंदवाडीच्या बायकांनी प्रश्नावली धडाधड सोडवली. वीसपैकी वीस, वीसपैकी एकोणीस. पाठी तपासल्या, चौघांना व्रण. मॅडमनी ओठ आवळले. गाडी ओढ्यापलीकडे गेली. तिथे बारापैकी अकरा पाठी तान्ह्या पोराच्या पाठीसारख्या स्वच्छ. बारावा भिमा. तो नांगर टाकून, पाय धुऊन, दिलेल्या शब्दाप्रमाणे येऊन पडला.

मॅडमनी बाईजापुढे प्रश्नावली धरली. “कूस किती वेळाने बदलावी?”

“माहीत नाय,” बाईजा म्हणाली. बारकीचा अंगठा तिच्या डोळ्यांपुढे होता.

“चादर कशी असावी?”

“माहीत नाय.”

तेवढ्यात तिच्या कमरेचा मोबाइल वाजला. बाईजा उठली, सासूला हलक्या हाताने वळवलं, गुडघ्यांत उशी दिली, चादरीची सुरकुती काढली आणि परत येऊन बसली. “इचारा पुढं.”

“हे आत्ता तुम्ही काय केलंत?”

“काय नाय. मुरबाडला केली.”

“तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

“कोनी नाय शिकवलं. आमी तुलनेच्या गटात हाव ना?” बाईजा निरागसपणे म्हणाली. “आमाला नाय शिकवायचं असंच ठरलंय. मी सही केलीय.”

कॉलेजने तीन जणांची ज्ञानगळती चौकशी समिती नेमली. आरोग्याची माहिती लोकांपर्यंत पोहोचली असल्याचा हा गंभीर आरोप होता. समिती दोन दिवस दोन्ही गावांत हिंडली. करवंदवाडीत प्रत्येक बाईने सांगितलं की मी कुणाला बोलले नाही. वेहळखांडात प्रत्येक बाईने सांगितलं की मला कुणी बोललं नाही. समितीपुढे नम्रताने आठ सह्यांची आणि चार अंगठ्यांची वही ठेवली. इतकी दक्षता पाहून अध्यक्षांनी तिला गोपनीयतेबद्दल शाबासकी दिली, आणि गळती झाली नाही असा अहवाल दिला.

आता गळती झालीच नाही म्हटल्यावर आकडे खरे धरणं भाग होतं. आकडे सांगत होते: ज्या घरांत ज्ञान शून्य, तिथे जखमा शून्य. ज्या घरांत ज्ञान भरपूर, तिथे बारात चार जखमा. मॅडमनी तीन वेळा गणित तपासलं. निष्कर्ष एकच निघत होता आणि तो त्यांनी नम्रताकडून लिहून घेतला: ‘शय्याव्रणांपासून रुग्णाचे रक्षण करण्यात काळजीवाहकाचे अज्ञान हा महत्त्वाचा घटक आढळतो.’

“मॅडम, हे खोटं आहे,” नम्रता म्हणाली. “त्यांना सगळं माहीत आहे. मी सांगते कसं ते.”

“तू सांगशील. पण त्यांनी वीसपैकी शून्य लिहिलंय त्याचं काय? कागदावर नाही ते ज्ञान नाही. आणि कसं ते सांगितलंस तर चौकशी समितीच्या अहवालाचं काय? त्यावर तीन सह्या आहेत. तुझं वर्ष जाईल, माझी बढती जाईल.”

नम्रताच्या वडिलांनी रेल्वेच्या रुळांवर कुदळ मारून तिला चौथ्या वर्षापर्यंत आणलं होतं. ती गप्प बसली. पुढे कधीही ही गोष्ट आठवली की तिला म्हातारीच्या पाठीचा डाग आठवत नसे, हे गप्प बसणं आठवे.

साईनाथ सरांचेही निकाल आले. रोज सकाळी सहा वाजता सक्तीने दीर्घ श्वास घेऊन गट-अच्या मुली चिडचिड्या झाल्या होत्या. गट-बमधली एकोणीस क्रमांकाची मुलगी मात्र अचानक इतकी आनंदी आढळली की तिने एकटीने सरासरी वर खेचली. धीर न दिल्याने विद्यार्थी सुखी होतात असं सिद्ध झालं, आणि कॉलेजने समुपदेशन केंद्राची खोली झेरॉक्सवाल्याला दिली. साईनाथ सरांना धीर द्यायला कुणी उरलं नाही.

नम्रताच्या प्रबंधाला परिसंवादात पहिलं पारितोषिक मिळालं. ती पास झाली आणि मुरबाडच्या बाजूच्या एका उपकेंद्रात रुजू झाली. चार महिन्यांनी तिथे वरून परिपत्रक आलं. ‘भेरे यांच्या संशोधनाच्या अनुषंगाने घरोघरी जाऊन शुश्रूषेविषयी माहिती देण्याचा कार्यक्रम स्थगित करण्यात येत असून कुटुंबांचे अज्ञान अबाधित राहील याची क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी दक्षता घ्यावी.’ नम्रताने ते पोच देऊन घेतलं, फाइलला लावलं, आणि पिशवी उचलून घरोघरी निघाली.

त्यानंतरच्या शनिवारी ती मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या जीपमध्ये बसली होती. शेजारी पंकज सर म्हणून एक गृहस्थ होते. मुरबाडला प्राध्यापक, राहायला कल्याणला. तिच्या पिशवीतलं रक्तदाबाचं यंत्र पाहून त्यांनी चौकशी केली आणि ती नर्स आहे म्हटल्यावर फोन पुढे केला.

“मग हे वाचा. तुमच्याच धंद्यातलं.”

मथळा होता: ‘अज्ञानातच आरोग्य! ग्रामीण संशोधनाचा धक्कादायक निष्कर्ष.’ खाली एकेचाळीस जणांचे अंगठे.

“आमची आई दीड वर्ष अंथरुणावर आहे,” सर म्हणाले. “एक शिकलेली बाई ठेवली होती, दर दोन तासांनी तिला इकडून तिकडे करायची. हे वाचलं आणि म्हटलं, उगाच कशाला म्हातारीला त्रास? बंद केलं.”

“कधी?”

“झाले पंधरावीस दिवस.”

“त्यांची पाठ बघितली का कुणी?”

“पाठ?” सरांना प्रश्न समजला नाही. “तिची काही तक्रार नाही. ती बोलतच नाही.”

“सर, आज घरी गेलात की चपला काढायच्या आधी पाठ बघा. आणि आजपासून पुन्हा दोन दोन तासांनी कूस बदला.”

“बाई, तुमची कळकळ कळते. पण एका बाजूला तुम्ही, एका बाजूला संशोधन. मी प्राध्यापक माणूस, मी कुणाचं ऐकायचं? पारितोषिक मिळालंय या भेरे बाईंना.”

“भेरे मीच.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग दोन बोटांनी बातमी मोठी करून पाहिली. “यात फोटो नाही,” ते म्हणाले.

तेव्हा मात्र नम्रताने जीपमध्ये सगळं सांगून टाकलं. नाणं, लाल डाग, बारकी, वही, गिरणी, सगळं. जीपवाल्याने गाणी बंद केली. लोक पुढच्या सीटवरून मागे वळून बसले. म्हातारी मुरबाडला कर म्हणते तिथे तर हसून हसून जीप डुलली, आणि सगळ्यात जास्त हसले पंकज सर. त्यांनी रुमालाने डोळे टिपले.

कल्याण आलं. सर उतरले. “फार मजा आली बाई,” ते म्हणाले. “हे कुठेतरी लिहून काढा. लोक आवडीने वाचतील.” आणि ते स्टेशनासमोरच्या हॉटेलात मित्रांबरोबर चहाला गेले. नम्रता पिशवी सावरत बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली.

सर बोलले ते खरं आहे. लोक आवडीने वाचतात. तुम्हीही वाचलंत, दोनचार ठिकाणी हसलातही असाल. घरात कुणी झोपून नसेल तर प्रश्नच नाही. असेल, तर ही गोष्ट तुम्ही हातात घेतलीत तेव्हा ते माणूस ज्या कुशीवर होतं, त्याच कुशीवर अजून आहे.